भरपाई मिळाली ती मालकांना

वाचकांचे प्रश्न

ब्रिटिश संसदेने 1833 मध्ये गुलामगिरी रद्द करताना गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड दिले, असा उल्लेख गेल्या अंकातील एका उत्तरात ओघाने आला होता. त्यावर मुंबई आणि उपनगरांतून बरीच पत्रे आली. काहींना ती माहिती खोटी वाटली, काहींना अपुरी वाटली, आणि अनेकांनी गुलामांच्या वंशजांना भरपाई द्यावी का, या अमेरिकेत सध्या चाललेल्या वादाविषयी विचारले. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. एका आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. काही पत्रलेखकांनी नाव छापू नये असे कळवले होते, त्यामुळे सर्वांचीच नावे गाळली आहेत.

अमेरिकेतील गुलामगिरी 1865 मध्ये संपली. राबवणारे गेले आणि राबणारेही गेले. आता कोणी कोणाला पैसे द्यायचे? माझे पणजोबा कोकणात खोताच्या जमिनीवर वेठीला जात असत. मग मीही दावा लावायचा का?
— एक वाचक, परळ

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग बहुतेक सर्वांच्या मनात असतो. भरपाई ही कल्पना अलीकडे कोणाला तरी सुचली आणि ती दीडशे वर्षे उशिरा सुचली, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. गुलामगिरी संपत असतानाच भरपाईचा प्रश्न निघाला होता आणि अनेक ठिकाणी रोख पैसे मोजलेही गेले, मात्र ते मालकांच्या हातात पडले. ब्रिटनने दिलेले दोन कोटी पौंड म्हणजे त्या वेळच्या सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के रक्कम होती. त्यातील दीड कोटींसाठी 1835 मध्ये नेथन रॉथशिल्ड आणि मोझेस मॉन्टेफिओरी यांच्यामार्फत कर्ज उभारण्यात आले. सुटका झालेल्या सुमारे आठ लाख माणसांना त्यातला एक शिलिंगही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांनी त्याच मळ्यांवर बिनपगारी काम करावे, अशी व्यवस्था त्याच कायद्याने करून ठेवली होती, आणि ती 1838 पर्यंत चालली. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, एप्रिल 1862 मध्ये गुलामगिरी रद्द झाली तेव्हाही मालकांना एका गुलामामागे सरासरी 300 डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तरतूद झाली. हैतीची कथा याहून विपरीत आहे. तिथल्या गुलामांनी बंड करून स्वतःच स्वातंत्र्य मिळवले, तर 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून जुन्या मालकांच्या नुकसानीपोटी 15 कोटी फ्रँक मागितले. पुढे ही मागणी कमी करण्यात आली, तरी तिच्यापायी काढलेल्या कर्जांची फेड 1947 पर्यंत चालू होती.

तेव्हा मालमत्ता गेली की भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातील सरकारांना मान्य होते. माणसाचे श्रम आणि आयुष्य गेले तर तेच तत्त्व लागू करायचे की नाही, एवढ्यावरच घोडे अडले होते.

सुटलेल्यांनी मागणी केली नाही, असेही नाही. बेलिंडा नावाच्या वृद्ध स्त्रीने 1783 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज करून आपल्या परागंदा मालकाच्या इस्टेटीतून निर्वाहवेतन मागितले आणि ते मंजूर झाले. जानेवारी 1865 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी जॉर्जियातील सव्हाना येथे वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटून तुम्हाला काय हवे असे विचारले. गॅरिसन फ्रेझर यांनी सर्वांच्या वतीने उत्तर दिले की जमीन हवी, म्हणजे आम्ही आमच्या श्रमावर उभे राहू. चारच दिवसांनी शर्मन यांचा आदेश निघाला आणि समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यातील जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचे ठरले. सुमारे चाळीस हजार माणसे तिथे वसली, नांगरटी झाल्या. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन बंडखोर मळेवाल्यांना परत देवविली. पुढे कॅली हाउस या धुणे धुऊन पोट भरणाऱ्या बाईने माजी गुलामांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून देशभर संघटना उभारली. गुलामांनी पिकवलेल्या कापसावर सरकारने वसूल केलेला 6 कोटी 80 लाख डॉलरचा कर परत मागणारा दावाही 1915 मध्ये लावण्यात आला. सरकारवर असा दावा चालत नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला, आणि 1917 मध्ये टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपावरून बाईंनाच तुरुंगात धाडण्यात आले. ‘इतकी वर्षे गप्प का होता?’ असे विचारणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आता मरून गेलेल्या माणसांविषयी. या वादात माझ्या मते सर्वांत मोठी गल्लत इथे होते. 1865 नंतर जे सुरू झाले, ते जिवंत माणसांच्या आठवणीतले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये ‘वेगळे पण समान’ या सूत्राला मान्यता दिली आणि दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा, गाड्या, पाणवठे, इस्पितळे वेगळी झाली. समान कुठेच नव्हती. 1930 च्या दशकात संघराज्य सरकारच्या यंत्रणेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांवर लाल रंगाने दाखवल्या. अशा वस्त्यांत कर्ज देणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ होता. 1934 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज हमी संस्थेने नव्या उपनगरांतील घरे कृष्णवर्णीयांना विकली जाऊ नयेत, अशा अटींना वर्षानुवर्षे प्रोत्साहन दिले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी 1944 मध्ये उदार कायदा झाला, पण मिसिसिपी राज्यातील शहरांच्या 1947 मधील एका पाहणीत या योजनेखाली हमी मिळालेल्या 3,200 हून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळालेली कर्जे फक्त 2 निघाली. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेत हीच दोन कामे बहुसंख्य कृष्णवर्णीय करत होते. घरविक्रीतील वंशभेदाला बंदी घालणारा कायदा 1968 मध्ये आला. म्हणजे ज्या तरुण जोडप्याला 1960 साली शिकागोत कर्ज नाकारले गेले, ते आज नव्वदीच्या घरात असेल, आणि त्या घराअभावी ज्यांना वारसा मिळाला नाही ती त्यांची मुले अजून नोकरी करत असतील.

अमेरिकी मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः राहत्या घरात साठलेली असते, हे मुंबईकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत गौरवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती 2,85,000 डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900 डॉलर भरली. या दरीतले किती माप कोणत्या कारणाच्या पदरी टाकायचे, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडतात. मात्र सरकारी नकाशे, कर्जाच्या नोंदी आणि कायद्यांचे मसुदे अभिलेखागारांत शाबूत आहेत. गुलामगिरीचा हिशेब मांडणे अवघड आहे. वंशविभाजनाचा हिशेब मांडता येतो, आणि भरपाईवाद्यांनी आपला दावा तिथून सुरू करावा असे मला वाटते.

राहिला आपला खोत. खोती 1949 च्या कायद्याने गेली. पणजोबांच्या वेठीची कागदोपत्री नोंद आपल्याकडे असेल तर ती जपून ठेवावी. दावा चालेल की नाही ते वकील सांगतील. कॅली हाउस यांचा अनुभव वर दिला आहेच.

माझा मुलगा 2009 पासून न्यू जर्सीत आहे. त्याने किंवा आमच्या घराण्यातील कोणी कधी कोणाला गुलाम केले नाही. त्याच्या करातून ही भरपाई का जावी?
— एक वाचक, गिरगाव

या आशयाची पत्रे सर्वांत जास्त होती आणि ती बहुतेक दादर ते मुलुंड या पट्ट्यातून आली होती, हे नमूद करण्यासारखे आहे.

आपल्या चिरंजीवांकडे कोणी दोषी म्हणून पाहत नाही. कर हा दोषाबद्दलचा दंड नसतो. राज्याने केलेले करार आणि राज्याची कर्जे सत्तेवरील माणसे बदलली तरी राज्याच्याच नावावर राहतात आणि जो आज नागरिक आहे तो त्यांचा भार उचलतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा ब्रिटनचेच आहे. मालकांना पैसे देण्यासाठी 1835 मध्ये काढलेले कर्ज पुढे दुसऱ्या सरकारी रोख्यांत मिसळले गेले आणि ते 2015 मध्ये पूर्ण फिटले. ब्रिटिश अर्थखात्याने 2018 मध्ये स्वतःच ही माहिती दिली. याचा अर्थ असा की 1948 नंतर जमैका आणि बार्बाडोसहून येऊन लंडनच्या बसगाड्या चालवणाऱ्या आणि इस्पितळांत रात्रपाळी करणाऱ्या माणसांनी, म्हणजे त्या गुलामांच्याच वंशजांनी, आपल्या करातून मालकांच्या भरपाईचे व्याज भरले. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मुंबईकरांनीही भरले. तेव्हा ‘आमचा काय संबंध?’ असे विचारणारे एकही पत्र आमच्याकडे आल्याचे स्मरत नाही.

आणखी एक गोष्ट चिरंजीवांना सांगावी. पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारले होते. 1946 नंतर भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा ठेवल्या गेल्या. दार खऱ्या अर्थाने उघडले ते 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा ज्या काळात व ज्या वातावरणात मंजूर झाला, ते वातावरण कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने घडवले होते. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा ही त्याची सख्खी भावंडे आहेत. न्यू जर्सीतील भारतीय वस्तीला त्या चळवळीचा लाभ झाला आहे. लाभ घेताना वंशावळ विचारली गेली नव्हती.

तरीही आपल्या आक्षेपात एक तथ्य आहे. नव्याने आलेला गरीब स्थलांतरित आणि पिढीजात श्रीमंत मळेवाला यांच्यावर सारखाच भार टाकणारी योजना न्याय्य वाटणार नाही. म्हणूनच काही जण कराऐवजी प्रत्यक्ष लाभ घेतलेल्या संस्थांकडे बोट दाखवतात. मेरीलँडच्या जेझुइट धर्मसंघाने 1838 मध्ये 272 माणसे विकून जॉर्जटाउन येथील आपले महाविद्यालय कर्जातून वाचवले. त्या माणसांची नावे विक्रीच्या कागदांवर असल्याने वंशज शोधता आले, आणि 2021 मध्ये धर्मसंघाने त्यांच्यासाठी दहा कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. इथे देणारा ठरलेला, घेणारा ठरलेला आणि व्यवहाराचा कागदही हातात आहे. असे पुरावे सर्वत्र मिळत नाहीत, ही अडचण उरतेच.

ही सगळी मागणी आपल्या आरक्षणासारखीच नाही का?
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

तुलना जुनी आहे आणि ती आपल्याच भूमीत सुरू झाली. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेतच व्यक्त केली. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या समाजाची स्थिती आणि अस्पृश्यांची स्थिती यांतील साम्याचा उल्लेख केला आणि संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत मागवली. 1972 मध्ये याच मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. पुढे 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद झाली, तेव्हा जातीचा प्रश्नही तिथे घ्यावा अशी दलित संघटनांची मागणी होती आणि भारत सरकारचा तिला विरोध होता. त्याच परिषदेच्या जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असल्याचे नोंदले गेले.

साम्य इतके असूनही दोन्ही उपायांची जात वेगळी आहे. (हा शब्दप्रयोग अनवधानाने झाला, पण राहू देतो.) आरक्षण पुढच्या संधीविषयी बोलते: प्रवेश, नोकरी, प्रतिनिधित्व. मागच्या पिढ्यांचे जे नुकसान झाले त्याची किंमत ते मोजत नाही आणि ती मोजल्याचा दावाही करत नाही. भरपाईची मागणी नेमकी त्या किमतीविषयी आहे. आरक्षणाने कोणाच्या वाडवडिलांची गेलेली जमीन परत आली नाही.

दुसरा फरक राज्यघटनेचा आहे. मद्रास प्रांतातील जातवार प्रवेशांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये रद्द केली, तेव्हा आपल्याकडे त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून कलम 15(4) घालण्यात आले आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेत उलटे घडले. मुक्त गुलामांच्या संरक्षणासाठी 1868 मध्ये आलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीचाच आधार घेऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तेव्हापासून वंशाच्या आधारावर काही देणारी प्रत्येक योजना न्यायालयात अडकण्याचा धोका आहे. भरपाईचा अभ्यास करणाऱ्या कॅलिफोर्निया राज्याच्या कृती दलाने हा धोका ओळखून 2022 मध्येच लाभ वंशावर न देता वंशावळीवर, म्हणजे त्या देशातील गुलामांचे किंवा एकोणिसाव्या शतकातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे वंशज असण्यावर, द्यावा असे ठरवले.

आपल्याकडे भरपाईच्या सर्वांत जवळ जाणारा प्रश्न माझ्या मते आरक्षणाचा नसून जमिनीचा आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले; वतन खालसा करणारा कायदा 1958 मध्ये झाला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची अमर्याद सेवा करून मिळालेली ती जमीन पुन्हा नावावर करून घेण्यासाठी वतनदारांनाच ठरावीक रक्कम भरावी लागली, आणि विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट राहिली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांची मागणी आणि सव्हाना येथील फ्रेझर यांची मागणी शेजारी ठेवून वाचावी. विलेपार्ल्याच्या महाविद्यालयातील वाचनालयात दोन्हींचे साहित्य मिळेल, असे धरून चालतो.

समजा द्यायचे ठरले, तर रक्कम किती आणि ती कोणाला, हे कसे ठरवणार? बँकेत चाळीस वर्षे काढली, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त अधिकारी, मुलुंड

हिशेबाच्या तीन रीती आहेत. पहिलीत न दिलेल्या मजुरीवर व्याज लावतात. व्याजाचा दर अर्धा टक्का बदलला तरी दीडशे वर्षांत उत्तर कुठल्या कुठे जाते, हे आपल्याला सांगणे नको. म्हणून ही रीत तत्त्वाला बळकट आणि व्यवहाराला कच्ची आहे. दुसरीत आजच्या संपत्तीतील दरी मोजून ती बुजवायला किती लागेल ते पाहतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम डॅरिटी आणि कर्स्टन मुलन यांनी या मार्गाने काढलेला आकडा दहा लाख कोटी डॉलरच्याही वर जातो. तिसऱ्या रीतीत विशिष्ट अन्याय घेऊन त्याचीच भरपाई करतात, आणि प्रत्यक्षात जे काही दिले गेले आहे ते जवळजवळ सगळे या तिसऱ्या रीतीने.

दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकी रहिवाशांपैकी जे हयात होते, त्यांना 1988 च्या कायद्याने माणशी 20,000 डॉलर आणि अध्यक्षांच्या सहीचे माफीपत्र मिळाले. सुमारे 82,000 जणांनी ही रक्कम घेतली. फ्लोरिडातील रोझवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती 1923 मध्ये जमावाने जाळली होती. त्या राज्याने 1994 मध्ये कायदा करून हयात असलेल्या नऊ जणांना प्रत्येकी 1,50,000 डॉलर दिले. लॉस एंजेलिसजवळ समुद्रकिनाऱ्यावर ब्रूस कुटुंबाची जागा होती, ती 1924 मध्ये उद्यानाचे निमित्त करून काढून घेतली गेली. 2022 मध्ये ती वंशजांना परत मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती सुमारे दोन कोटी डॉलरना स्थानिक सरकारलाच विकली. इलिनॉयमधील इव्हॅन्स्टन या लहान शहराने गांजाविक्रीवरील करातून निधी उभारला आणि 1919 ते 1969 या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना व त्यांच्या वंशजांना घरासाठी 25,000 डॉलर देण्याची योजना 2021 मध्ये मंजूर केली. 2024 मध्ये त्याविरुद्धही दावा दाखल झाला. याउलट ओक्लाहोमातील टल्सा येथे 1921 मध्ये ग्रीनवुड ही भरभराटीला आलेली वस्ती जाळण्यात आली, आणि शंभरी ओलांडलेल्या शेवटच्या साक्षीदार स्त्रियांचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये फेटाळला.

पात्रतेची अडचण आपल्या गिरणगावाला नवी नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे द्यायचे ठरले, तेव्हा 1 जानेवारी 1982 रोजी पटावर असलेल्यांचा हक्क मानला गेला, आणि पुढे वर्षानुवर्षे वारसदार तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीची पावती आणि वारस दाखला घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिले. अमेरिकेतील अडचण याहून कितीतरी मोठी आहे. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या, पण त्यांत गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण मालकाच्या नावाखाली लिहिले जाई. गुलामाचे नाव लिहीत नसत. बहुसंख्य कुटुंबांची नावे सरकारी जनगणनेत प्रथम आली ती 1870 मध्ये. त्यापलीकडे जायचे तर मालकाचे मृत्युपत्र, गहाणखत, विक्रीची पावती धुंडाळावी लागते. पूर्वज शोधण्यासाठी त्याला मालमत्ता म्हणून नोंदवलेला कागद सापडावा लागतो. अशा दाव्यात पुराव्याचा सगळा भार अर्जदारावर टाकणे मला अन्यायकारक वाटते. ज्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत त्यांनाच त्या अभावाचा फायदा मिळतो.

मुंबईचा या गुलामगिरीशी काही संबंध होता का?
— एक वाचक, काळाघोडा

होता, पण तो जपून सांगावा लागेल. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्याची जागा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाने घेतली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरचे वेड, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद यांचे साम्राज्य हे सगळे त्या चार वर्षांतले. त्यांनीच दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करल्याची बातमी आली, भाव कोसळले आणि जुलैत मुंबईची पेढ्यान्‌पेढी बुडाली. कापसाच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडला तो तेव्हाच. 1875 चे दख्खनचे दंगे याच कर्जबाजारीपणातून पेटले.

यावरून मुंबई गुलामगिरीची ऋणको ठरते, असे म्हणणे मला ओढाताणीचे वाटते. इथला कापूस गुलामांनी पिकवलेला नव्हता आणि गुलामांचा कापूस अडल्यामुळेच इथे पैसा आला. मात्र आपल्या आवडत्या इमारतींच्या वंशावळीत जॉर्जिया आणि मिसिसिपीचे मळे आहेत, हे फोर्टमध्ये फिरायला येणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हरकत नाही.

दुसरा संबंध थेट आहे. 1833 च्या ज्या कायद्याने वेस्ट इंडीजमधील गुलाम सुटले, त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. इथे न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये, असा कायदा 1843 मध्ये झाला. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबते पकडली की सुटलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवत. त्यांतील पुष्कळांना नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी चालवलेल्या आश्रमात ठेवून सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे शव मध्य आफ्रिकेतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली, ती वसवणाऱ्यांत हे नाशिककर होते, आणि वसाहतीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले गेले. तिथे ते ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जात.

सर्व कृष्णवर्णीय अमेरिकी भरपाईच्या बाजूचे आहेत का?
— एक वाचक, डोंबिवली

नाहीत. प्यू संशोधन केंद्राच्या 2021 च्या पाहणीत कृष्णवर्णीयांपैकी 77 टक्के बाजूने होते, एकूण प्रौढांपैकी फक्त 30 टक्के. जून 2019 मध्ये संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा कोलमन ह्यूजेस या तरुण कृष्णवर्णीय लेखकाने विरोधात साक्ष दिली. डाव्या विचारांचे अभ्यासक अडॉल्फ रीड यांचाही विरोध आहे; वंशाच्या नावाने मागणी केल्यास सर्व वर्णांच्या गरिबांची एकजूट फुटते, असे त्यांना वाटते. मला हा आक्षेप उजव्या बाजूच्या आक्षेपांपेक्षा अधिक वजनदार वाटतो.

दक्षिण आफ्रिकेने तर सत्य आणि समेट आयोग नेमून, पैशांवाचून हा प्रश्न मिटवला. अमेरिकेने तसेच मनापासून माफी मागितली तर पुरणार नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका, माहीम

दक्षिण आफ्रिकेबद्दलची ही समजूत आपल्याकडे दृढ आहे, पण ती पुरती बरोबर नाही. आयोगाने 1998 च्या अहवालात वर्णभेदी राजवटीच्या बळींना सहा वर्षे वार्षिक रक्कम द्यावी अशी शिफारस केली होती. सरकारने 2003 मध्ये प्रत्येकी 30,000 रँड एकदाच देण्याचे जाहीर केले. गुन्ह्याची कबुली देणाऱ्यांना माफी त्याआधीच मिळू लागली होती आणि बळी मात्र थांबून राहिले, याची सल तिथे अजून आहे. शिवाय आयोगाच्या बरोबरीने जमिनीचा स्वतंत्र मार्ग होता. 1994 च्या कायद्याने 19 जून 1913 नंतर वंशभेदी कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली त्यांना दावा करता येऊ लागला. ही तारीख कृष्णवर्णीयांना देशाच्या जेमतेम सात टक्के भूमीवर कोंडणाऱ्या कायद्याची. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून साठ हजारांहून अधिक लोक हुसकावले गेले होते, दरबानच्या केटो मॅनरमधून भारतीय वंशाची कुटुंबेही उठवली गेली होती, आणि या सर्वांना तो मार्ग खुला होता. शहरातील बहुतेक दावे रोख रक्कम देऊन मिटवले गेले, कारण जुन्या जागेवर परत जाणे शक्य उरले नव्हते. तेव्हा पैसे दिले गेले. कमी आणि उशिरा, एवढेच.

अमेरिकेच्या माफीविषयी सांगायचे तर ती मागून झाली आहे. प्रतिनिधिगृहाने जुलै 2008 मध्ये आणि सिनेटने जून 2009 मध्ये गुलामगिरी व वंशविभाजन यांबद्दल माफी मागणारे ठराव संमत केले. दोन्ही सभागृहांचा एकच मजकूर मात्र कधी झाला नाही, कारण सिनेटच्या ठरावाच्या शेवटी एक कलम जोडले होते आणि ते प्रतिनिधिगृहातील अनेक कृष्णवर्णीय सदस्यांना मान्य नव्हते. या ठरावातील कोणत्याही गोष्टीमुळे अमेरिकेविरुद्धच्या कोणत्याही दाव्याला मान्यता किंवा आधार मिळत नाही, असे ते कलम होते. भरपाईचा नुसता अभ्यास करण्यासाठी आयोग नेमावा, असे विधेयक जॉन कॉनियर्स यांनी 1989 मध्ये प्रथम मांडले. 2021 मध्ये ते पहिल्यांदा समितीतून पुढे सरकले आणि सभागृहात मतदानाला आलेच नाही.